शकुंतलेचे रूळ आणि वालूरची बारव

परभणी जिल्ह्यातील वालूर हे गाव बारवांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव उपेक्षेत पडली होती. ग्रामस्थांनी श्रमदान करून ती स्वच्छ केली आणि पूर्वजांचे शिल्पवैभव पुन्हा दृष्टीस पडले. बारवेच्या वाट्याला आलेले हे भाग्य शेजारच्या वऱ्हाडातील एका रेल्वेमार्गाला मात्र अद्याप लाभलेले नाही. तो मार्ग म्हणजे लोकांनी 'शकुंतला' म्हणून ओळखलेली अडीच फुटी रेल्वे.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूर हे तिचे केंद्र. तेथून एक फाटा कारंजा, दारव्हा यांमार्गे यवतमाळला जाई, तर दुसरा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला. दोन्ही मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या पुढाकाराने ही रेल्वे उभी राहिली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. तो कापूस पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई. आणि १९२१ साली मँचेस्टरमध्येच घडलेले वाफेचे इंजिन या मार्गावर थेट १९९४ पर्यंत धावत राहिले!

व्यापारासाठी घातलेली ही गाडी पुढे गोरगरिबांची झाली. शेतमजूर, बाजारकरी, शाळकरी मुले यांना तिचे स्वस्त भाडे परवडे. गाडीची गती मंद होती. मूर्तिजापूरहून अचलपूर गाठावयास सुमारे चार तास लागत. पण ज्याच्या खिशात एस.टी.च्या भाड्याइतके पैसे नसत, त्याला वेळेपेक्षा पैशाची चणचण अधिक असे.

तोट्यात चालणारी गाडी सरकारने अखंड पोसावी, असे कोणी म्हणणार नाही. रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, जुने रूळ झिजले, हे सारे खरेच. परंतु रुंदीकरणाच्या आशेवर लोकांना ठेवावयाचे आणि गाडी तेवढी थांबवावयाची, हा न्याय नव्हे. हा मार्ग नव्याने उभारावयाचा की कायमचा सोडावयाचा, याचा स्पष्ट निर्णय मुदतीसह जनतेला सांगितला पाहिजे.

तोवर निदान उरलेले तरी राखावे. गवतात दडलेले रूळ, ओस पडलेली स्थानके आणि लहानसे पूल यांची गावोगाव नोंद व्हावयास हवी. या कामी मोठ्या निधीची गरज नाही. त्या भागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरले, आणि या गाडीने ज्यांनी प्रवास केला अशा वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या, तर एका शतकाचा ग्रामीण इतिहास हाती लागेल.

दगडाची बारव शतकानुशतके वाट पाहू शकते. लोखंडाला गंज चढतो, आणि माणसांच्या स्मृतीला तर त्याहूनही लवकर.