पिसवा जनावरावर कमी, घरात जास्त

कुत्र्या-मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा अगदी थोडा भाग. मादी रोज 40-50 पर्यंत अंडी घालते. ती केसांत टिकत नाहीत. गादीवर, सोफ्याच्या फटीत, सतरंजीखाली गळून पडतात. म्हणून नुसत्या आंघोळीने काम भागत नाही. केसांत काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर चोळा. तांबूस डाग उमटला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अळ्या त्यावरच वाढतात आणि पावसाळी दमट हवा त्यांना फारच मानवते.

‘औषध लावलं, तरी पंधरा दिवसांनी पिसवा दिसतातच,’ ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा औषधाचा नसतो. कोषातल्या पिसवांना फवारणी सहसा भेदत नाही आणि त्या काही महिनेही दबून राहू शकतात. म्हणून घरातल्या प्रत्येक जनावराला पशुवैद्यांनी सांगितलेलं औषध सलग किमान तीन महिने द्या, अंथरुणं गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम रोज फिरवा. त्या हादऱ्यांनी कोषातल्या पिसवा बाहेर येतात. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मात्र मांजराला चुकूनही लावू नका, जीव जाऊ शकतो.