खराब रस्त्यासाठी फोर-व्हील गाडी निवडताना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे सागरी, नागरी आणि डोंगरी असे तीन भाग सांगितले जातात. गाडी घेतानाही हीच विभागणी ध्यानात ठेवावी. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या बागाईतदाराची गाठ वाळू आणि खाऱ्या हवेशी असते. बोईसर-तारापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीच्या अवजड वाहतुकीने पडलेले खड्डे असतात. विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे चढ-उतार, लाल चिखल आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या फरश्या. जिल्ह्यात वर्षाला सर्वसाधारणपणे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच गाडी आपल्याला लागू पडेल असे नाही.

अलीकडे बागाईतदारांमध्ये फोर-व्हील गाडीची आवड वाढलेली दिसते. गाडी चांगलीच असते, प्रश्न गरजेचा असतो. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडावा. गेल्या वर्षी नेमके किती दिवस साधी गाडी वाडीपर्यंत पोहोचली नाही? समजा साध्या गाडीपेक्षा फोर-व्हील गाडीला चार लाख रुपये जास्त पडतात आणि ते दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेआठ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख दोन हजार रुपये होतो. रस्ता पंचवीस दिवस बंद राहत असेल, तर त्या प्रत्येक दिवसाला आपण चार हजारांहून अधिक रुपये मोजतो. तेवढ्यात भाड्याचा ट्रॅक्टर माल डांबरी रस्त्यापर्यंत आणून देत असेल, तर फोर-व्हील घेणे परवडत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे त्यांनी बांधापासून सडकेपर्यंत ट्रॅक्टर आणि सडकेपासून वाशीपर्यंत साधा पिकअप असे वाटून घेतले, तर बहुतेकांचे काम भागते. लेख फोर-व्हीलवर असला तरी हे आधी सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

याउलट पाड्यावरून रोज पहाटे मोगरा काढून दादरच्या बाजारात गाठायचा असेल, किंवा घरात आजारी माणूस असून पावसाळ्यात रुग्णालयाचा रस्ता चिखलाचा असेल, तर हिशेब बदलतो. फुलाचा भाव वेळेवर असतो आणि माणसाच्या जिवाला हप्त्याच्या तराजूत घालता येत नाही.

फोर-व्हील म्हणजे नेमके काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते, ती पुढच्या चाकांनाही ताकद पोहोचवते. या पेटीत हळू चालण्याचा वेगळा, जड गिअर असतो, त्याला 'फोर लो' म्हणतात. ट्रॅक्टरच्या 'लो' गिअरसारखाच तो समजावा. गाडी सावकाश चालते, पण ओढ कितीतरी वाढते आणि घाट उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. काही गाड्या 'ऑल व्हील' या नावाने विकल्या जातात. त्या निसरड्या डांबरावर चांगल्या, पण त्यांतील बहुतेकांना हा जड गिअर नसतो. आपल्या कामाला तो हवाच. गाडी दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारावा.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. चारही चाकांना ताकद मिळूनही गाडी रुतून बसू शकते. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. मात्र एक चाक चिखलात किंवा हवेत लोंबकळत राहिले की डिफरन्शियलमुळे तेच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक उभे राहते. पुढे एक व मागे एक अशी तिरकी दोन चाके सुटली की गाडी जागची हलत नाही. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. ट्रॅक्टरला पायाखाली असतो तोच प्रकार. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक कारखान्यातूनच मिळतो. महिंद्राच्या थारला तो काही प्रकारांत मागच्या बाजूस असतो. मारुतीची जिम्नी सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून हेच काम साधते. खोल चिखलात खरा लॉक अधिक भरवशाचा.

कोणती गाडी?

जीप आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिचाच वंश पुढे थारपर्यंत आला. थार प्रथम २०१० मध्ये आणि नव्या रूपात २०२० मध्ये बाजारात आली. तिची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी. जानेवारी २०२३ पासून हीच थार केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही विकली जाऊ लागली आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. स्वस्त पडते म्हणून घेतली आणि चिखलात उभी राहिली, असे होऊ नये. बिलावर व नोंदणीच्या कागदावर प्रकार नीट वाचून घ्यावा.

जून २०२३ मध्ये आलेली जिम्नी हलकी, अरुंद आणि पेट्रोलवर चालणारी आहे. पाड्यांच्या चिंचोळ्या वाटांवर तिचा हलकेपणा कामाला येतो, पण मालासाठी ती अपुरी पडते. तिच्या आधीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. ती आता जुनीच मिळेल. गुरखा सर्वांत दणकट, तिची उंची सुमारे २३३ मिलिमीटर आहे, मात्र रोज वसईपर्यंत जाणाऱ्याला ती जड वाटेल.

या तिन्ही गाड्या माणसांच्या आहेत, क्रेटच्या नव्हेत. चिकू किंवा ढोबळी मिरचीचे पन्नास-साठ क्रेट रोज न्यायचे असतील तर पिकअपच पाहावा आणि त्यात फोर-व्हील प्रकार मिळतो का याची वितरकाकडे चौकशी करावी. पिकअपच्या हौद्यात मजूर बसवून नेणे मात्र नियमात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडचणीत येते.

डिझेल की पेट्रोल, हा प्रश्न आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमानुसार डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. लांब अंतर वेगात गेले की ती काजळी जळते. घर ते वाडी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जळत नाही, जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. डिझेल घेतलेच, तर आठवड्यातून एकदा मनोरला जाऊन महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. ज्यांची गाडी वाडीच्या बाहेर फारशी पडत नाही, त्यांना पेट्रोल बरे.

जुनी गाडी घेताना

किनाऱ्यालगतच्या गावांत गाडीचे खरे आयुष्य इंजिन ठरवत नाही, गंज ठरवतो. सातपाटी, शिरगाव, चिंचणी या बाजूची जुनी गाडी पाहताना पायांखालची चटई उचलून पत्रा पाहावा. चेसिसवर हातोडीने हलके ठोकत जावे. ठणठणीत आवाज आला तर ठीक, भदभदीत आला तर आतून गंज आहे असे समजावे. रंगावर लोहचुंबक फिरवावा, जेथे तो चिकटत नाही तेथे पुटी भरलेली असते. डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे.

फोर-व्हील चालते की नुसता दांडा हलतो, हे ओल्या मातीवर तपासावे. जॅक लावून चाके फिरवत बसण्यापेक्षा फोर-व्हील लावून हळू, पूर्ण वळणात गाडी फिरवावी. स्टिअरिंग जड होऊन गाडी अडखळल्यासारखी झाली, तर पुढची चाके ओढत आहेत. वळणात पुढून कट-कट आवाज आल्यास सांधे झिजलेले आहेत. व्यवहारापूर्वी कर्जाचा बोजा उतरल्याचा नमुना ३५ आणि हस्तांतराचे नमुने २९ व ३० पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सुटे भाग कोठे मिळतात आणि त्या गाडीचा जाणता मिस्त्री जवळपास आहे का, हेही आधी विचारावे. मुंबईहून भाग येईपर्यंत आठ दिवस उभी राहणारी गाडी हंगामात उपयोगाची नाही.

वापरताना

कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चालवू नये. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांत त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांत ताण साठतो आणि ट्रान्सफर केस खराब होते. चिखलात शिरण्यापूर्वीच ती लावावी, रुतल्यावर नव्हे. वाळूत टायरची हवा अठरा ते वीस पौंडांपर्यंत कमी केली तर पकड वाढते, मात्र सडकेवर येताच ती पुन्हा भरावी. टायर 'ऑल टेरेन' प्रकारचे घ्यावेत. खोल नक्षीचे चिखलाचे टायर ओल्या डांबरावर घसरतात आणि आपला बहुतेक प्रवास डांबरावरच होतो.

समुद्राच्या वाळूत हौसेखातर गाडी घालू नये. घालावीच लागली तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू, चाकांच्या मागचे कोपरे आणि पाटे धुवावेत. पावसाळ्यापूर्वी चेसिसला गंजरोधक लेप द्यावा.

राहिला प्रश्न फरशीवरच्या पाण्याचा. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० मिलिमीटर अशी कंपन्या सांगतात. ही मर्यादा उभ्या, संथ पाण्याची आहे, वाहत्या पाण्याची नाही. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी सरकू लागते आणि दोन फुटांत जड गाडीही तरंगून वाहून जाऊ शकते. चाकांची पकड सुटल्यावर दोन चाके ओढतात की चार, याला काही अर्थ उरत नाही. फरशीच्या कडेचे खुंट पाण्याखाली गेले असतील, किंवा पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल, तर पलीकडे उतरलेली गाडी पाहूनही आपली घालू नये. डोंगरातला पाऊस थांबल्यावर लहान ओहोळाचे पाणी बहुधा दोन-तीन तासांत उतरते. तोवर माल ताडपत्रीखाली ठेवावा आणि व्यापाऱ्याला फोन करून उशीर कळवावा.