नर्मदेचे काम घरच्या डब्यात
दगडगोट्यांना झळाळी देणारे अल्पखर्चिक यंत्र

जबलपूरला गेलेला प्रवासी भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. परतताना त्याच्या पिशवीत मऊ दगडातून कोरलेली एखादी मूर्ती असते, आणि बहुधा नदीकाठी उचललेले दोन-चार रंगीत गोटेही असतात. पाण्यात असताना हे गोटे विलक्षण देखणे दिसतात; घरी येऊन कोरडे झाले की मात्र त्यांचे तेज मावळते. याचे कारण साधे आहे. दगडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात आणि त्यांवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो. पाणी ते ओरखडे भरून काढते, तेवढ्यापुरता पृष्ठभाग सपाट होतो आणि आतला रंग उजळतो. हीच झळाळी कायमची हवी असेल, तर ते ओरखडेच घासून नाहीसे करावे लागतात. हे काम करणारे फिरत्या डब्याचे यंत्र थोड्या खर्चात घरीही तयार करता येते.

नदी काय करते?

‘नर्मदेतला गोटा’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे, आणि त्यामागे नदीचे दीर्घ परिश्रम आहेत. अमरकंटक-मंडला परिसरात बेसाल्ट खडकाचे जाड थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाण्यातून थरावर थर साचत गेले आणि अकीक, गारगोटी यांसारखे दगड बनले. खडक झिजला, हे कठीण दगड सुटे झाले आणि प्रवाहाबरोबर वाळूत लोळत, एकमेकांवर आपटत गोल होत गेले. आपले यंत्र याच क्रियेची नक्कल करते. नदीऐवजी फिरणारा डबा, वाळूऐवजी कठीण भुकटी आणि युगांऐवजी चार आठवडे, एवढाच काय तो फरक.

दगडांची निवड

सर्व दगड एकत्र घालणे ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक आहे. खनिजांचा कठीणपणा मोहस् यांच्या १ ते १० या श्रेणीने मोजतात. संगमरवराचा कठीणपणा ३ ते ४, तर अकीक आणि गारगोटी यांचा ७ च्या आसपास. हे दोन्ही एकाच डब्यात घातल्यास संगमरवराचा आठवड्याभरात चिखल होईल. त्यामुळे भेडाघाटचा संगमरवर या यंत्रासाठी उपयोगाचा नाही. अकीक, गारगोटी, सूर्यकांत यांची निवड करावी. परीक्षा सोपी आहे. पोलादी चाकूने ओरखडा उठला तर दगड मऊ. दगडानेच काचेवर ओरखडा उठला तर तो योग्य. भेगाळलेले दगड वगळावेत आणि लहान-मोठे, साधारण एक ते चार सेंटिमीटर आकाराचे गोटे एकत्र घ्यावेत. लहान गोटे मोठ्यांमधील फटी भरतात व घर्षण सर्वत्र पोहोचते.

येथे एक विनंती. कड्यांचे तुकडे फोडून आणू नयेत. भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे. जबलपूरच्याच बडा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे सापडली होती. अशा भूमीतील विचित्र आकाराचा दगड डब्यात घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवलेला बरा.

यंत्राची रचना

डब्यासाठी १६० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. एक तोंड टोपण चिकटवून कायमचे बंद करावे; दुसऱ्यास रबरी वॉशर असलेले, फिरवून उघडता येणारे झाकण बसवावे. आतून वाहनाच्या जुन्या ट्यूबचे अस्तर चिकटवल्यास आवाज कमी होतो आणि पाइप झिजत नाही. बाहेरून सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे चढवावेत, म्हणजे डबा घसरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा डबा वापरू नये. आत वायू साचून झाकण उडण्याचा धोका असतो.

लाकडी चौकटीवर बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या दोन लोखंडी सळ्या समांतर बसवून त्यांवर रबरी नळी चढवावी. नळीसह सळीचा व्यास १६ मिलिमीटर ठेवावा. यांपैकी एका सळीला मोटरने गती द्यायची. दुसरी डब्याच्या भाराने आपोआप फिरते.

यंत्राचे यश गतीवर अवलंबून आहे. डबा फार वेगाने फिरला तर दगड भिंतीला चिकटून राहतात. फार सावकाश फिरला तर ते नुसते घसरतात. या आकाराच्या डब्यात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांनंतर दगड चिकटू लागतात, म्हणून त्याच्या निम्मी गती योग्य. मिनिटाला १,४०० फेरे घेणाऱ्या मोटरवर ५ सेंटिमीटरची आणि सळीवर १५ सेंटिमीटरची पुली बसवल्यास सळीची गती सुमारे ४६७ होते. डबा सळीच्या दहापट व्यासाचा असल्याने तो सुमारे ४७ फेरे घेतो.

खर्चाचा खरा हिशेब

भंगारात पाव अश्वशक्तीची मोटर स्वस्तात मिळते आणि मोह होतो. परंतु यंत्र अहोरात्र चार आठवडे चालायचे आहे. २५० वॅटची मोटर दिवसाला ६ युनिट, म्हणजे २८ दिवसांत १६८ युनिट वीज घेईल. कूलरच्या पंख्याची ६० वॅटची मोटर तेवढ्याच काळात सुमारे ४० युनिटांत भागवते. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, वापराची दरमहा. कोणत्याही वस्तूबाबत हा विचार आधी करावा. पंख्याची मोटर वापरताना तिच्यावर लहान पाते ठेवावे, कारण ती स्वतःच्याच वाऱ्याने थंड राहते. मोटरला अर्थिंग हवे, पुली-पट्ट्यावर जाळी हवी, आणि पाण्याचा थेंब तारांपर्यंत पोहोचता कामा नये.

चार टप्पे

डबा दोन तृतीयांश दगडांनी भरावा. साधारण साडेतीन किलो दगड मावतात. वरच्या थराच्या किंचित खाली येईल इतके पाणी घालावे. दर अर्ध्या किलो दगडांमागे एक मोठा चमचा सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजेच कार्बोरंडमची भुकटी टाकावी.

पहिल्या आठवड्यात ६० ते ९० क्रमांकाची जाड भुकटी दगडांचे कोपरे घालवते. कोपरे शिल्लक राहिल्यास हाच टप्पा पुन्हा करावा. येथे घाई केली तर पुढे भरून निघत नाही. दुसऱ्या आठवड्यात २२०, तिसऱ्यात ५०० ते ६०० क्रमांकाची भुकटी वापरावी. चौथ्या आठवड्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काच चकाकण्यासाठी वापरतात ते सेरियम ऑक्साइड घालावे. दर टप्प्यानंतर दगड आणि डबा अत्यंत काळजीपूर्वक धुवावेत. जाड भुकटीचा एक कण शेवटच्या टप्प्यात राहिला, तरी महिन्याच्या श्रमांवर ओरखडा उमटतो. शक्य असल्यास शेवटच्या टप्प्यासाठी वेगळा डबा ठेवावा. दिवसातून एकदा यंत्र बंद करून झाकण सैल करावे, म्हणजे साचलेला वायू निघून जातो. उरलेला गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत घट्ट बसतो. बादलीत निवळू देऊन ओला असतानाच मातीत पुरावा.

धुळीचा धोका

गाळ ओलाच का पुरायचा, यामागे गंभीर कारण आहे. गारगोटी आणि अकीक यांची कोरडी धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली, तर सिलिकोसिस हा व्याधी जडतो. गेलेली श्वसनशक्ती त्यात परत मिळत नाही. गुजरातेतील खंबायत येथे अकीक घासणाऱ्या आणि मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या अनेक कामगारांनी या रोगाची किंमत मोजली आहे. आपल्या बंद, पाण्याने भरलेल्या डब्यात धूळ उडतच नाही, हा त्याचा मोठा गुण. तो टिकवायचा असेल तर दगड कोरडे घासू नयेत, फोडावे लागल्यास ओल्या फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून फोडावेत, आणि सांडलेला गाळ वाळण्यापूर्वीच ओल्या कपड्याने पुसावा. मुलांना यंत्र जरूर दाखवावे. गाळ आणि भुकटी मात्र मोठ्यांनीच हाताळावी.

चार आठवड्यांअखेरीस दगडांचे वजन बहुधा पाव हिश्श्याने घटलेले आढळेल. उरतात ते मात्र कोरडे असूनही ओल्यासारखे चमकतात. बाजारात घासलेल्या अकीकाचा एखादा मणी पुढे हातात घ्याल, तेव्हा त्याच्या झळाळीमागचे श्रम आणि कारागिराने पत्करलेला धोका यांची कल्पना आपणांस असेल.