कारकुनाची कंबर

उद्योगधंद्यांपासून उद्भवणाऱ्या व्याधींवरील पहिला व्यवस्थित ग्रंथ ज्याच्या नावावर जमा आहे, त्या बेर्नार्दिनो रामात्सिनी नामक इटालियन वैद्याने, इ. स. १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती १७१३ साली काढताना, खाणकामगार आणि कुंभार यांच्या पंक्तीला लेखनिक व कारकून यांनाही आणून बसविले, आणि त्यांच्या दुखण्यांची तीन कारणे नमूद केली: अखंड बैठक, एकाच दिशेने अविश्रांत चालणारा हात, आणि बेरीज-वजाबाकीत चूक होऊन धन्याचे नुकसान होईल या धास्तीने मनावर पडणारा ताण. बोरू गेला, दौत गेली, त्यांच्या जागी संगणक आला. परंतु दिवसभर मेजापाशी बसणाऱ्या इसमाची कंबर सायंकाळी का मोडून येते याची मीमांसा करू गेल्यास या यादीत भर घालण्याजोगे फारसे काही सापडत नाही. तिसरे कारण मात्र, खुर्च्यांच्या चर्चेत, बहुधा विसरले जाते.

आपला मेरुदंड सरळ काठी नव्हे. मनुष्य उभा असता कमरेचे पाच मणके किंचित आत वळलेली कमान धरतात, आणि बसताक्षणी, मांड्यांच्या मागील स्नायूंनी कटिप्रदेशाचे हाड मागे ओढल्यामुळे, ती कमान सपाट होऊ लागते. पोक काढून बसल्यास ती उलटही वळते. जे. जे. कीगन या अमेरिकन शल्यवैद्याने निरनिराळ्या आसनांतील क्ष-किरणचित्रे घेऊन १९५३ साली असे दाखविले की, धड व मांड्या यांमधील कोन काटकोन असण्यापेक्षा सुमारे १३५ अंशांचा असता कंबर आपल्या स्वाभाविक स्थितीत राहते. म्हणजे शाळेत आपल्याला शिकविलेली काटकोनी बैठक हीच काही निसर्गाची आज्ञा नव्हे.

मणक्यामणक्यांच्या मधल्या गाद्यांची रचना याहून मनोरंजक आहे. आत मऊ, पाणीदार गर आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक वेढलेली चिवट तंतूंची कडी, असे त्यांचे स्वरूप असून, प्रौढ वयात या गादीच्या अंतर्भागाला रक्तवाहिनीच उरत नाही. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या रसावर तिचे पोषण चालते, आणि त्या रसाच्या देवघेवीला दाब पडणे व दाब उठणे, या दोहोंच्या आलटापालटीचे साहाय्य होते. रात्रभर आडवे पडल्यावर गाद्या फुगतात, दिवसभराच्या भाराने पुन्हा दबतात. म्हणूनच कोणताही मनुष्य सकाळी उठतो तेव्हा आदल्या सायंकाळच्या मानाने सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा अधिक उंच असतो, आणि म्हणूनच पहाटेच्या पहिल्या तासात, गाद्या तट्ट फुगलेल्या असताना, खाली वाकून बादली उचलणे शहाणपणाचे नसते.

बसण्याने या गाद्यांवर अधिक दाब पडतो, हे मत वैद्यकवर्गात रूढ केले ते आल्फ नाखेमसन या स्वीडिश संशोधकाने. त्याने १९६० नंतरच्या काळात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला आणि, उभ्याचा दाब १०० धरल्यास आधाराविना बसलेल्याचा १४० भरतो, असा हिशेब मांडला. तो तक्ता पुढे कित्येक दवाखान्यांच्या भिंतींवर चढला. परंतु १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत सूक्ष्म मापकयंत्र बसवून पुन्हा मोजणी केली, तेव्हा बसण्याचा दाब उभ्यापेक्षा अधिक नाही, आणि खुर्चीत मागे रेलल्यास तर तो बराच कमी, असे आढळले. एकट्या माणसावरील मोजणीने सिद्धान्त ठरत नाही हे खरे. तथापि ‘ताठ बसा’ या, छडी हाती घेतलेल्या मास्तरांपासून चालत आलेल्या हुकमाला शास्त्राचा समजला जातो तितका पाठिंबा नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. ताठ बसून अवघडलेली कंबरही दुखतेच.

माझ्या मते खरा अपराधी बैठकीचा प्रकार नसून तिचा अखंडपणा आहे. पेशवाईतील फडावर कारकून मांडी घालून, लोडाशी टेकून लिहीत. जमिनीवरच्या या बैठकीतही कमान सपाटच होते, तेव्हा त्या पिढीची कंबर दुखत नव्हती असे समजण्याचे कारण नाही. परंतु कागदपत्र रुमालात बांधलेले असत. हवा तो रुमाल काढण्यास उठावे लागे, आणि पुढे इंग्रजी अमदानीतही प्रकरण शिरस्तेदारापुढे नेण्यास, शेरा घेण्यास, मोहोर उठविण्यास कचेरीत दहा ठिकाणी पाय झिजवावे लागत. ती दिरंगाई कुणालाही परत नको आहे. मात्र तिच्या उदरात जी अनाहूत हालचाल दडलेली होती तीही तिच्याबरोबर बरखास्त झाली. आता प्रकरणच पडद्यावर चालून येते, वरिष्ठांचा शेरा तेथेच उमटतो, आणि चहासुद्धा शिपायाच्या हस्ते मेजावर हजर होतो.

जे परिस्थितीने काढून घेतले ते हिकमतीने परत मिळवावे लागते. अर्ध्या तासाने एकदा उठून मिनिट-दोन मिनिटे चालावे. दूरध्वनीवर बोलणे उभ्यानेच करावे. पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवण्याऐवजी पेला घेऊन पाण्यापाशी जावे. आणि बसल्या जागीही कधी पुढे, कधी मागे, कधी रेलून, अशी कूस बदलीत राहावे, मग सभ्यतेच्या काटेकोर कल्पना बाळगणाऱ्या शेजाऱ्याला ते चुळबुळे वाटले तरी चालेल. उभे राहून काम करण्याची उंच मेजे हल्ली निघाली आहेत, तीही आलटून पालटून वापरल्यास उपकारक ठरतात. दिवसभर उभे राहणाऱ्याच्या पायांची दुखणी वेगळीच असतात. आणखी एक गोष्ट: बराच वेळ पोक काढून बसल्यावर पाठीचे अस्थिबंध सैलावतात आणि पूर्ववत होण्यास काही अवधी घेतात, यास्तव खुर्चीतून उठल्याबरोबर जड पेटी उचलू नये, आधी थोडे उभे राहावे.

खुर्चीविषयी चार शब्द पुरे. पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत, न टेकल्यास पायांखाली पाट घ्यावा. बैठकीची कडा गुडघ्यामागे रुतू नये, दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. पाठीच्या पोकळीत टॉवेलाची लहानशी गुंडाळी ठेवावी, कारण महागड्या खुर्चीच्या विक्रेत्याने कमरेचा आधार म्हणून गौरविलेली वस्तू बहुधा इतकीच असते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणावी. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला हे साधत नाही, म्हणून त्याने तो जाड ग्रंथांच्या चळतीवर चढवून कळफलक वेगळा जोडावा. न वाचल्या गेलेल्या कित्येक ग्रंथांचे त्यायोगे सार्थक होईल. मागच्या खिशातले फुगलेले पाकीट बसताना काढून ठेवावे. कमरेला बांधायच्या पट्ट्याने दुखणे टळते असा पुरावा नाही. नियमित व्यायामाने ते उलटण्याचा संभव घटतो, याला मात्र चांगला पुरावा आहे. तो व्यायाम अमुकच हवा असे नाही. जेवणानंतरची शतपावली वाढवून अर्ध्या तासाची केली तरी ती व्यायामच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर पुरस्कार केला ते सूर्यनमस्कारही उत्तम, फक्त कंबर धरलेली असताना पुढे वाकण्याचा हट्ट धरू नये.

आता, एवढे करूनही एखाद्या सकाळी उसण भरते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला आदेश, ‘हलू नकोस, पडून राहा,’ हा असतो, आणि एके काळी डॉक्टरांचाही तोच असे. हेलसिंकी शहरातील नोकरांवर केलेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, दोन दिवस अंथरुणात राहिलेल्यांपेक्षा, सोसेल तितपत नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. तेव्हा शेक घ्यावा, त्याने बरे वाटते. परंतु अंथरूण धरू नये. बहुतेकांची उसण सहा आठवड्यांच्या आत पुष्कळशी ओसरते. तत्पूर्वी एमआरआय काढण्याची घाई बहुधा अनाठायी असते, कारण १९९४ सालच्या एका अमेरिकन पाहणीत, ज्यांची पाठ मुळी दुखतच नव्हती अशा ९८ जणांच्या चित्रांपैकी फक्त ३६ टक्क्यांच्या सर्व गाद्या निर्दोष दिसल्या. ‘गादी सरकली’ हा शब्द अहवालात वाचून, उद्यापासून वाकायचे नाही, उचलायचे नाही, अशी धास्ती घेऊन बसलेला मनुष्य मूळ दुखण्याहून त्या धास्तीनेच अधिक जखडतो.

येथे रामात्सिनीचे तिसरे कारण पुन्हा दारात उभे राहते. अमेरिकेतील एका विमान-कारखान्यातील ३,०२० कामगारांवर काही वर्षे लक्ष ठेवून १९९१ साली जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार, ज्यांना आपले काम क्वचितच आवडे त्यांच्याकडून पाठदुखीची तक्रार येण्याचा संभव अडीचपट होता. याचा अर्थ दुखणे खोटे असा कोणी करू नये. वेदना खरीच असते, मात्र तिच्या उत्पत्तीत स्नायूंबरोबर साहेबाचाही वाटा असू शकतो, आणि त्यावर उत्तम खुर्चीची मागणी मंजूर करून आणणे हा अपुरा इलाज ठरतो.

काही दुखणी मात्र याप्रकारे सोडून देण्याजोगी नसतात. सायंकाळी येणारा ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपमोड करणारी वेदना एकत्र आल्यास आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. पूर्वी कर्करोग झालेल्याने, वृद्धाने किंवा पडल्यानंतर कंबर दुखू लागलेल्याने तपासणी लांबवू नये. चाळिशीच्या आतील ज्याची कंबर महिनोन्‌महिने सकाळी आखडते आणि हालचालीने सुटते, त्याने संधिवाताच्या तज्ज्ञास दाखवावे. आणि लघवी अडली किंवा तिच्यावरील ताबा गेला, मांड्यांमधील भाग बधिर झाला, अगर पायांतील शक्ती घटू लागली, तर रात्र असो वा सुट्टीचा दिवस, त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. अशा वेळी काही तासांच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते.