जुन्या निडल डिटेक्टरकडून चोख काम कसे घ्यावे?

तयार कपड्यांच्या धंद्यात मोडलेली सुई ही दिसायला सर्वांत लहान, पण सर्वांत महाग पडणारी चीज आहे. ओव्हरलॉकवर सुई मोडते, टोक शिवणीत राहते आणि झबल्यातून थेट तान्ह्या मुलाच्या अंगापर्यंत पोहोचते. व्यापाऱ्याचे नुकसान त्यानंतरचे, पण तेही थोडे नाही. एका टोकापायी सगळा लॉट परत येतो. जपानमध्ये १ जुलै १९९५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मालातील दोषामुळे इजा झाली एवढे सिद्ध झाले, की उत्पादक व आयातदार भरपाईस जबाबदार ठरतात. त्यांचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. परदेशी खरेदीदार सुई-तपासणीचा आग्रह धरतात तो उगाच नाही.

पट्ट्याचे नवे मशीन काही लाखांना पडते. म्हणून छोटे कारखानदार जुने मशीन घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र त्याची तबियत समजून घ्यावी लागते.

या मशीनमध्ये चुंबकीय क्षेत्र असते. लोखंडाचा कण त्यातून सरकला की क्षेत्र हलते, कॉइलमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते आणि बझर वाजतो. म्हणजे माल सरकता हवा. पट्टा अडखळला किंवा घसरला, तर सुई खालून जाऊनही मशीन गप्प राहू शकते. पट्ट्याचा ताण व वेग आधी पाहावा. पट्ट्याच्या जोडात टाचणी किंवा लोखंडी कीस अडकला नाही ना, हेही तपासावे.

जुन्या मशीनची नेहमीची तक्रार म्हणजे विनाकारण वाजणे. कारागीर कंटाळतो आणि संवेदनशीलतेचे बटण खाली करतो. खरा धोका येथेच आहे. बझर शांत होतो आणि सुईही शांतपणे निघून जाते. बटणाला हात लावण्यापूर्वी कारण शोधावे. जवळून लोखंडी ट्रॉली जाते का? शटर हलते का? शेजारच्या मशीनचा हादरा जमिनीतून येतो का? मशीन भिंतीकडेच्या स्थिर जागी, रबरी पायांवर ठेवावे. वीज वेगळ्या लाइनवरून द्यावी, अर्थिंग पक्के करावे. माल लावण्याआधी अर्धा तास मशीन चालू ठेवावे. जुने सर्किट गरम झाल्यावरच स्थिर होते.

मग चाचणी. ठरावीक मापाची लोखंडी गोळी बसवलेले टेस्ट कार्ड मिळते. बरेच खरेदीदार १.० किंवा १.२ मिलिमीटरची गोळी पकडण्याची अट घालतात. हे कार्ड डावीकडे, मध्ये व उजवीकडे आणि प्रत्येक ठिकाणी खाली, मध्यावर व वर, असे नऊ जागी फिरवावे. नऊही वेळा बझर वाजलाच पाहिजे. ही चाचणी सकाळी आणि नंतर दर एक-दोन तासांनी करून वहीत लिहावी. एखादी चाचणी चुकली, तर मागच्या चाचणीनंतरचा सगळा माल पुन्हा तपासावा.

हातात धरायचे डिटेक्टर असेल तर बॅटरी ताजी हवी. ती उतरली की पल्ला घटतो. काम नसताना बॅटरी काढून ठेवावी, नाहीतर गळून टोके गंजतात. कपडा खिळे नसलेल्या लाकडी टेबलावर, एका थरात पसरावा. घड्याळ, अंगठी व मोबाइल दूर ठेवावेत. डिटेक्टर कपड्यालगत सावकाश, एकदा आडवे व एकदा उभे फिरवावे. सुई कशी पडली आहे त्यावर आवाज कमीजास्त होतो. बटणे व चेन लावण्यापूर्वीच तपासणी करावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

बझर वाजला की गठ्ठा दोन भागांत करावा, वाजणारा भाग पुन्हा विभागावा आणि अखेर नग वेगळा काढून कुलूपबंद पेटीत टाकावा. जुन्या सुईचे सगळे तुकडे जमा झाल्याशिवाय नवी सुई देऊ नये. तुकडे जुळवून चिकटपट्टीने वहीत लावावेत. टोक सापडले नाही, तर तो नग व त्याच्या आसपासचा माल रोखून ठेवावा.

एवढे करूनही नऊपैकी एका जागी मशीन चुकत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्यावर माल पास करू नये. आम्ही व्यापारी माल घेतो तेव्हा मशीन नवे की जुने हे विचारत नाही, चाचणीची वही मागतो. ती वही चोख असेल, तर जुन्या मशीनवरचा मालही बेधडक उचलतो.