ताकदीच्या गोळीआधी रक्ततपासणी

"साहेब, थकवा आहे, संसारात मन लागत नाही, ताकदीची गोळी कोणती?" हे पारावर कोणी विचारत नाही, बांधावर एकटे गाठून विचारतात.

भाताला जस्त कमी पडले की पानांवर तांबूस ठिपके येतात, वाढ खुंटते. माणसाचेही तसेच. डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये वाढ खुंटलेले, वयात न आलेले तरुण आढळले. १९६१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांचे पोट बहुतेक रोटीवर. पुढे इजिप्तमध्ये १९६३ साली अशाच तरुणांत जस्ताची उणीव दिसली. जस्त दिल्यावर ते वाढले, वयात आले. पण अंगात पुरेसे असताना जादा जस्ताने जोम चढत नाही. फार दिवस घेतल्यास शरीरातले तांबे घटते.

ब-१२ कमी असेल तर थकवा, हातापायांना मुंग्या येतात. माळकरी घरात दूधदुभतेही विकले जात असेल तर हे जरूर तपासावे. 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची आठवड्याची गोळी कोणी रोज घेतो, तेही घातकच.

कर्जाची काळजी, रात्रपाळीचे पाणी, दारू यांनीही इच्छा मावळते. त्यावर गोळी नाही. मधुमेहानेही ती मावळू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व हिमोग्लोबिन तपासून घ्या, मालकिणीचेही.