पाणी वाढवले की पातळी उतरते

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि वऱ्हाडातले कूलर दिवसरात्र घरघरत असतात. अशा दिवसांत बाळापूर तालुक्यातल्या पारस औष्णिक विद्युत केंद्राला भार वाढवायचा निरोप आला, असे समजा. इथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. टर्बाइनचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो आणि बॉयलरमधून जादा वाफ निघू लागते. बॉयलरच्या माथ्यावर जाड पोलादाचा आडवा ड्रम असतो. त्यात पाणी आणि वाफ वेगळी होतात. जादा वाफ निघाली म्हणजे ड्रममधले पाणी घटणार, हे उघड आहे. पण कंट्रोल रूममधल्या पडद्यावर ड्रम लेव्हलची रेघ त्याच क्षणी वर चढते!

मीटर बिघडलेला नसतो. ड्रममधले पाणी वातावरणाच्या दीडशेपटीहून अधिक दाबाखाली उकळत असते आणि त्यात वाफेचे असंख्य बुडबुडे असतात. वाफ जास्त ओढली की दाब किंचित उतरतो, बुडबुडे फुगतात, नवेही तयार होतात, आणि सगळे मिश्रण वर येते. आपण पाणी वाढवले तर नेमके उलटे घडते. आत येणारे पाणी ड्रममधल्या पाण्यापेक्षा थंड असते, त्यामुळे बुडबुडे विरतात आणि पातळी आधी खाली जाते. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारला की पातेल्यात भर पडूनही दूध खाली बसते, तसेच हे. प्लांटवरची माणसे याला ‘स्वेल’ आणि ‘श्रिंक’ म्हणतात.

यात धोका मोठा आहे. पातळी फार चढली तर वाफेबरोबर पाणी पुढे जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर आदळू शकते. फार उतरली तर भट्टीभोवतीच्या नळ्या कोरड्या पडून जळू शकतात. म्हणून दोन्ही टोकांना संच आपोआप ट्रिप होण्याची सोय असते. आता एखादा साधाभोळा कंट्रोलर कल्पा. पातळी उतरली म्हणून तो पाणी वाढवतो, तशी पातळी आणखी उतरते, आणि तो घाबरून आणखी पाणी सोडतो.

खरे नवल पुढेच आहे. हा अजस्र ड्रम, त्याचा दाब, त्यातले बुडबुडे, या सगळ्याचा स्वभाव एका ओळीच्या अपूर्णांकात मावतो. त्यालाच ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. त्यातला एस हे काळाबरोबर होणाऱ्या बदलाचे गणिती चिन्ह. उदाहरणादाखल अंशात (१ − २०एस) लिहा, छेदात एस गुणिले (१०एस + १), आणि सगळ्याला ०.१ ने गुणा. हे आकडे पारसचे नव्हेत, समजावण्यापुरते घेतले आहेत. पण ढब खऱ्या ड्रमची आहे. छेदातला सुटा एस सांगतो की पाणी वाढवून ठेवले तर पातळी चढतच राहील. १०एस सांगतो की प्रतिसादाला काही सेकंद लागतील. आणि उलटी चाल कुठे लपली आहे? अंशातल्या त्या इवल्याशा उणे चिन्हात.

हा अपूर्णांक संगणकात घालून पाणी ५ टक्क्यांनी वाढवून पाहा. पातळी लगेच घसरू लागते. ११ सेकंदांच्या सुमारास ती साडेचार मिलिमीटर खाली असते. तिथून ती वळते, साधारण २८ व्या सेकंदाला मूळ जागी येते आणि मग सेकंदाला अर्धा मिलिमीटर या गतीने चढत जाते. बुडबुड्यांबद्दल सॉफ्टवेअरला एक अक्षर सांगितलेले नसते, तरी रेघ बुडबुड्यांसारखीच वागते.

आता कंट्रोलर जोडा. पातळी १० मिलिमीटर घसरली तर पाणी २.५ टक्क्यांनी वाढव, असा नियम दिला तर हेलकावा दोन-तीन मिनिटांत निवतो. तोच नियम ६ टक्क्यांचा केला तर सुमारे ८० सेकंदांचे हेलकावे सुरू होतात आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या दुपटीहून मोठा निघतो. पडद्यावर ही नुसती रेघ आहे, प्लांटवर हे घडले असते तर संच ट्रिप झाला असता. सीमारेषा बरोबर ५ टक्क्यांवर आहे. तिथे झोके वाढत नाहीत आणि थांबतही नाहीत.

ही सीमा शोधणे हेच १९४२ साली झिग्लर आणि निकोल्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी मांडलेल्या प्रसिद्ध ट्यूनिंग पद्धतीचे मर्म. कंट्रोलरचा जोर वाढवत न्यायचा, अखंड झोके सुरू झाले की तो जोर आणि झोक्याचा काळ टिपायचा, आणि त्यावरून सुरक्षित आकडे काढायचे. पण चालू बॉयलरला मुद्दाम झोके द्यायचे धाडस कोण करील? पडद्यावर मात्र तो हवा तितक्या वेळा बिघडवता येतो. खऱ्या ड्रमचे आकडे मिळवायलाही तेवढे धाडस लागत नाही. संच स्थिर असताना पाणी जरासे वाढवायचे आणि पातळीच्या रेघेवरून ते वाचायचे.

अंशातले ते उणे चिन्ह कितीही महागड्या कंट्रोलरला पुसता येत नाही. तो पातळीकडे पाहूनच निर्णय घेत असेल तर त्याला सबुरीच धरावी लागते. म्हणून मोठ्या बॉयलरवर तीन मापांचे नियंत्रण असते: पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी. वाफ जितकी वाढली तितके पाणी आधीच वाढवायचे, आणि पातळीकडून फक्त उरलीसुरली चूक सावकाश सुधारून घ्यायची. वाफेचा मीटर बुडबुड्यांच्या हुलकावणीला भुलत नाही.

हे पाहायला पॉवर प्लांटची नोकरी लागत नाही. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्यांचा तर हा रोजचा अभ्यास. फ्रान्समध्ये जन्मलेले सायलॅब हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते देशभर पोहोचवले, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही आहेत.

सायलॅब उघडलेत तर एक करून पाहा. अपूर्णांकातल्या २० च्या जागी ४० घाला, म्हणजे बुडबुड्यांची हुलकावणी दुप्पट करा. सीमा ५ टक्क्यांवरून थेट २.५ वर येते. मघाशी ज्या नियमाने हेलकावा निवला होता, तोच आता दर १२६ सेकंदांचे न थांबणारे झोके देतो. कंट्रोलर तसूभरही बदललेला नाही, बदलला तो ड्रम. खऱ्या बॉयलरचा स्वभावही भार कमी-जास्त झाला की असाच बदलतो. म्हणून जाणता अभियंता पूर्ण भारावर बसवलेले आकडे निम्म्या भारावर तपासल्याशिवाय प्लांटवर चढवत नाही, आणि सीमेपासून चांगले अंतर राखूनच थांबतो.